नगरपरिषदेचा जमाखर्च आणि ठराव गावापर्यंत कसे पोहोचवावेत

फेब्रुवारी लागला की छोट्या शहरांत एक ठरलेली बातमी येते : नगरपरिषदेचे अमुक कोटींचे शिलकी अंदाजपत्रक सादर, करवाढ नाही. लोक ती वाचतात, 'एवढे कोटी आहेत तर आमच्या गल्लीतली गटार का तुंबलीय' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. बातमी खोटी नसते, पण तिच्यातून कुणाला काही कळतही नाही. गावाला खरोखर कळेल असे काही काढायचे असेल तर महिन्याला एक पान पुरते. ते पान कसे तयार करायचे ते इथे सांगतो. हे सगळे महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींपुरते आहे. ग्रामपंचायतीला ग्रामसभा असते, तिथली रीत निराळी.

कागद मिळवणे

'आरटीआय टाका' हा सल्ला जो तो देतो. माझ्या मते ते तिसरे पाऊल आहे. आधी नगरपरिषदेचे संकेतस्थळ बघा. माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4(1)(ख) प्रमाणे 17 मुद्द्यांची माहिती कार्यालयाने आपणहून जाहीर करायची असते आणि त्यात अंदाजपत्रकही येते. निविदा महाटेंडर या राज्य शासनाच्या निविदांच्या संकेतस्थळावर दिसतात. तिथे भागले नाही तर सोमवारी दुपारी कार्यालयात जा. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. जाताना त्या निर्णयाची छापील प्रत खिशात ठेवा. टेबलावरच्या माणसाने त्याचे नावही ऐकलेले नसते, असे बऱ्याचदा होते.

हे दोन्ही थकले की अर्ज. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि मजकूर 150 शब्दांच्या आत ठेवायचा. 'रस्ता का झाला नाही' असे विचारू नका. 'का'चे उत्तर कागदावर नसेल तर ते देण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. 'अमुक ठरावाची, कार्यादेशाची आणि अंतिम देयकाची प्रत द्यावी' असे लिहा. कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश, देयक म्हणजे बिल. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील करा. राज्य माहिती आयोगापर्यंत जायची तयारी ठेवा, पण तुमचे मासिक पान त्यावर टांगून ठेवू नका. तिथली तारीख लागेपर्यंत विषय शिळा होतो.

ठराव वाचणे

सभेची विषयपत्रिका आणि इतिवृत्त (सभेत काय झाले त्याची नोंद) शेजारी शेजारी ठेवून वाचायचे. विषयपत्रिकेत शेवटी बहुधा ही ओळ असते : 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.' वाचायला सुरुवात तिथूनच करा. जे आधी कुणाला कळू नये असे वाटते ते पुष्कळदा याच वाटेने येते. इतिवृत्तात 'कार्योत्तर मंजुरी' हे शब्द दिसले की थांबा. पैसे खर्च होऊन गेलेत, मंजुरी मागून घेतली जातेय, असा त्याचा सरळ अर्थ. पाइप फुटला किंवा पूर आला तर ते समजण्यासारखे आहे. स्वागतकमानीच्या रोषणाईला कार्योत्तर मंजुरी मात्र तुमच्या पानावर आलीच पाहिजे.

सूचक (ठराव मांडणारा), अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) आणि 'सर्वानुमते' की बहुमताने, हे जसे असेल तसे उतरवा. 2022 च्या आगेमागे अनेक नगरपरिषदांवर प्रशासक (निवडून आलेल्या सभेऐवजी कारभार पाहणारा सरकारी अधिकारी) आले. त्या काळातल्या ठरावांना नगरसेवकांचे सूचक-अनुमोदक नाहीत, त्यामुळे तेव्हाची कामे कुणा नगरसेवकाच्या नावावर टाकू नका.

अंदाजपत्रक : इथेच सगळे फसतात

हे पुस्तक पहिल्यांदा हातात आले तेव्हा मला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. लेखा विभागातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी शेजारी बसवून समजावले तेव्हा दिसायला लागले. सगळ्यात आधी कोपऱ्यातली टीप बघा, रक्कम रुपयांत आहे की हजारांत. मग स्तंभ. प्रत्येक लेखाशीर्षापुढे (जमेच्या किंवा खर्चाच्या बाबीपुढे) मागच्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम असते, चालू वर्षाचा मूळ आणि सुधारित अंदाज असतो आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असतो. बातमी होते ती शेवटच्या स्तंभाची. तुम्ही वाचायचा तो 'प्रत्यक्ष'चा.

कारण पुढच्या वर्षाचा अंदाज ही इच्छा असते. जमेकडे शासनाचे येऊ घातलेले अनुदान मोठे धरले की खर्चाकडे हवी तेवढी कामे मांडता येतात आणि वर थोडी रक्कम शिलकीत दाखवता येते. म्हणून 'शिलकी' या शब्दाला माझ्या लेखी शून्य किंमत आहे. तो तुमच्या पानावर वापरूच नका.

आता एकूण आकडा फोडायचा कसा? समजा एकूण जमा 90 कोटी दाखवली आहे. (आकडे कल्पित आहेत, पण रचना अशीच असते.) त्यात 22 कोटी आरंभीची शिल्लक. ती बहुतांशी आधीच आलेल्या योजनांची असते, पाणीपुरवठ्याचा पैसा पाणीपुरवठ्यालाच, दुसरीकडे वळवता येत नाही. 45 कोटी भांडवली (रस्ते, इमारती अशा कामांसाठीचे) अनुदान, म्हणजे शासनाकडून येईल अशी अपेक्षा. 8 कोटी ठेवी आणि निलंबन लेख्यांचे, त्यात ठेकेदारांच्या अनामती येतात आणि कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेल्या रकमाही. हा पैसा एका हाताने येतो आणि दुसऱ्याने जातो, नगरपरिषदेचा तो नव्हेच. उरले 15 कोटी महसुली, म्हणजे रोजच्या कारभाराचे. त्यातले 9 कोटी शासनाचे सहायक अनुदान, ते पगार-पेन्शनमध्येच संपते. जकात (शहरात येणाऱ्या मालावरचा कर) 1999 मध्ये गेल्यापासून नगरपरिषदा या अनुदानावर उभ्या आहेत. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे, बाजार फी, विकास शुल्क असे सगळे मिळून स्वतःचे उत्पन्न निघाले 6 कोटी.

तुमच्या पानाचा मथळा या सहा कोटींवर हवा. सभागृहाला जिथे खरोखर निवड करता येते, तो पैसा साधारण एवढाच. त्यातूनही दिव्यांगांसाठी, महिला व बालकल्याणासाठी ठरावीक टक्के बाजूला काढावे लागतात, वीजबिल आणि सफाईचा ठेका भागवावा लागतो. हे गावाला एकदा कळले की 'नव्वद कोटी कुठे गेले' हा प्रश्न मागे पडतो आणि 'वीजबिल एवढे का', 'गाळ्यांचे भाडे वर्षानुवर्षे तेच का' असे प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरे निदान मागता तरी येतात.

पुढची पायरी जुने पुस्तक शोधण्याची. दोन वर्षांपूर्वीच्या अंदाजपत्रकातला 'अंदाज' आणि यंदाच्या पुस्तकातले त्याच वर्षाचे 'प्रत्यक्ष' एकमेकांशेजारी लिहा. सगळी लेखाशीर्षे घेत बसू नका. घरपट्टी, पाणीपट्टी, रस्ते, दिवाबत्ती, आरोग्य-स्वच्छता, शासकीय अनुदान, एवढी पुरेत. अंदाज 45 कोटींचा आणि आले 17, असे दिसले की त्या वर्षी जाहीर झालेली निम्मीअधिक कामे का झाली नाहीत हे आपोआप कळते, आणि कुणावर आरोप करायची वेळ येत नाही. जुने पुस्तक देताना मात्र कार्यालयात हमखास टाळाटाळ होते. म्हणून या वर्षीचे पुस्तक मिळाले की त्याचे पान न् पान स्कॅन करून ठेवा, दोन वर्षांनी तेच तुमचे हत्यार.

करवसुलीच्या टक्केवारीलाही भुलू नका. समजा थकबाकी 2 कोटी, चालू मागणी (यंदाची करआकारणी) 3 कोटी आणि वसूल झाले अडीच. एकूण मागणीवर हे 50 टक्के होतात. चालू मागणीवर मोजले तर 83. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि सोयीचा तेवढाच सांगितला जातो. कशाचे टक्के ते लिहिल्याशिवाय टक्का छापायचा नाही.

आणखी एक. रस्त्याच्या कामाला 'मंजूर' झालेली रक्कम म्हणजे खर्च नव्हे. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तकातली नोंद आणि मग देयक, एवढे टप्पे मध्ये आहेत. निविदा बऱ्याचदा अंदाजित दरापेक्षा कमी येते. मान्यतेचा आकडा 'खर्च' म्हणून छापलात तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी बिल घेऊन दारात उभा राहील आणि तुमचे बाकीचे खरे आकडेही लोक संशयाने पाहतील. कोणत्या टप्प्यावरचा आकडा आहे ते प्रत्येक वेळी लिहा.

लेखापरीक्षण अहवालाचेही तसेच. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा आक्षेप म्हणजे घोटाळा सिद्ध झाला असे नव्हे. कित्येक आक्षेप 'पावती जोडलेली नाही' एवढेच असतात आणि पुढे अनुपालन (आक्षेपाची पूर्तता) होऊन वगळले जातात. आक्षेप छापायचा तर त्यावर नगरपरिषदेने काय अनुपालन केले तेही शेजारी छापा. मला रस 'वसूलपात्र रक्कम' या शब्दांत असतो. ते दिसले की ती रक्कम वसूल झाली का, हे विचारत राहायचे.

पान लिहिणे आणि वाटणे

एका पानावर तीन-चार बाबी, त्याहून जास्त नको. प्रत्येकीखाली ठराव क्रमांक आणि तारीख. 'म्हणे', 'चर्चा आहे', 'सूत्रांनुसार' यांना जागा नाही. पक्षाचे नाव नको, आणि नगरसेवकाचे नाव फक्त इतिवृत्तात आहे तिथे. व्हॉट्सॲपवर फोटो टाका, पण मजकूरही टाका. म्हाताऱ्या माणसांना फोटोतली बारीक अक्षरे दिसत नाहीत आणि पुढे ढकलता ढकलता फोटो धूसर होतो. पाच-पंचवीस प्रती छापून वाचनालयात, एसटी स्टँडवर आणि दवाखान्यात लावा.

छापण्याआधी आकडे मुख्याधिकाऱ्यांना लेखी पाठवा आणि दोन दिवसांची मुदत द्या. परवानगी मागायची नाही, फक्त 'आकड्यांत चूक असल्यास कळवावे' एवढेच. बहुतेक वेळा उत्तर येत नाही, आणि नंतर 'आम्हाला विचारलेच नाही' असे म्हणायची सोयही उरत नाही. उत्तर आले तर काटछाट न करता छापा. फोनवर केलेला खुलासा धरू नका, 'लेखी द्या, पुढच्या पानावर घेतो' म्हणा.

पहिले पान एप्रिलमध्ये काढू नका. 31 मार्चच्या गडबडीत निघालेली देयके वहीत चढायला वेळ लागतो आणि तुमचे आकडे जूनमध्ये बदलतील. सुरुवात जुलैच्या सभेपासून करा. तोवर मागच्या तीन वर्षांची अंदाजपत्रके जमवायला वेळही मिळेल.