टेनिस लॅडर खेळताय? या चुका टाळा

आमच्या लॅडरची वही माझ्याकडे असते. त्यात चोवीस नावं आहेत, आणि रविवारी खेळ संपल्यावर पोह्याच्या गाडीवर त्यातल्या किमान दोघांना माझ्याशी भांडायचं असतं. इंदुरात पोहे खाताना कुणाचा आवाज चढला की शेजारच्याला वाटतं राजकारण चाललंय. आमच्यात बहुधा परवाचा बॉल रेषेवर होता की बाहेर, हे चाललेलं असतं.

लॅडर म्हणजे नावांची उतरंड. खालच्याने वरच्याला चॅलेंज द्यायचं. आमच्याकडे जास्तीत जास्त तीन जागा वरच्याला. जिंकला तर त्याची जागा घ्यायची आणि मधले सगळे एकेक पायरी खाली. हरला तर होता तिथेच. वही चार वर्षं सांभाळल्यावर माझं मत असं झालंय की रेषेवरची भांडणं जिरावण मसाला घातलेल्या पोह्यांबरोबर संपतात. लॅडर मरते ती तारखांवरून.

"बघतो, कळवतो"

पाचव्या जागेवर एक काका होते. चॅलेंज आलं की म्हणायचे, "खेळू की! या आठवड्यात जरा लग्नं आहेत, कळवतो." दोन महिने ते कळवत होते. मधल्या काळात रोज सकाळी डबल्स खेळताना मात्र दिसायचे. काकांच्या हिशेबी त्यांनी कुणाला नाही म्हटलंच नव्हतं. पण त्यांच्या खालच्याची वाट अडली, मग त्याच्याही खालच्याची, आणि बघता बघता तीन पोरं टेनिस सोडून पिकलबॉल या दुसऱ्या खेळाकडे गेली.

तेव्हापासून नियम असा: चॅलेंज देणाऱ्याने खेळायच्या तीन वेळा सुचवायच्या, त्यातली एक शनिवार-रविवारची. वरच्याने दोन दिवसांत एक निवडायची, नाहीतर स्वतःच्या तीन द्यायच्या. दहा दिवसांत मॅच झाली नाही आणि अडवणूक वरच्याची असेल तर जागा गेली. गुडघा दुखतोय, परगावी जायचंय, तर सांगा, नाव तीन आठवडे गोठवतो. त्यापुढे दर आठवड्याला एक पायरी खाली. कडक वाटतं, पण वर बसलेल्याला जागा राखायची असते, घाई खालच्याला असते. म्हणून कालमर्यादा वरच्यालाच टोचली पाहिजे.

वेळेचंही हत्यार होतं. डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तेव्हा "मला फक्त सकाळी साडेसहा जमतं" म्हणणाऱ्याकडे जरा नीट बघा. अर्ध्या अंधारात, दवाने भिजलेल्या जड बॉलने, जोरात मारणाऱ्या पोराचा अर्धा खेळ तिथेच जातो. काकांचा स्लाइस, म्हणजे उलटी फिरकी देऊन मारलेला फटका, मात्र मस्त बसतो.

दोन मित्रांनी आलटून पालटून एकमेकांनाच चॅलेंज देत राहायचं, म्हणजे तिसऱ्याला मोकळा माणूसच सापडत नाही, ही युक्तीही आम्ही पाहिली. हरल्यावर त्याच माणसाला पुन्हा चॅलेंज देण्याआधी दुसऱ्या कुणाशी तरी एक मॅच खेळायची, एवढ्याने ती बंद झाली.

"शंका आहे, परत खेळू"

विंबल्डनने २०२५ पासून रेषेवर लक्ष ठेवणारे लाइन जज काढून टाकले, तिथे आता यंत्रच आउट म्हणतं. आपल्याकडे यंत्र नाही आणि जजही नाही. जाळीच्या आपल्या बाजूचा निर्णय आपणच द्यायचा, लगेच आणि समोरच्याला ऐकू जाईल असा. आधी बॉल मारायचा, तो जाळीत गेला की "तसाही आउटच होता" म्हणायचं, हे चालत नाही. समोरच्याच्या बाजूची रेष आपल्या टोकावरून वाचू नये आणि बाकावर बसलेल्या मंडळींना साक्षीला बोलवू नये. बॉलची कड रेषेला नुसती शिवली तरी तो आत.

सगळ्यात गोड दिसणारी चूक म्हणजे "नीट दिसलं नाही, परत खेळू". ऐकायला दिलदार वाटतं. पण दिसलं नाही म्हणजे आउट दिसलं नाही, आणि आउट दिसला नसेल तर बॉल चांगला. पॉइंट समोरच्याचा होता. त्यातला अर्धा काढून घेऊन तुम्ही वर उपकारही केल्यासारखं दाखवता.

मातीच्या कोर्टवर ठसा असतो. फ्रेंच ओपनमध्ये अजूनही माणसं ठसाच बघतात. इथे मी स्वतः आपटलो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीविरुद्ध ४-४ असताना तिचा फोरहँड माझ्या बेसलाइनपाशी, म्हणजे मागच्या रेषेपाशी पडला. मी आउट म्हणालो आणि सवयीने बुटाच्या टोकाने माती सारखी केली. ती जाळीपाशी येऊन म्हणाली, "काका, ठसा पुसलात म्हणजे पॉइंट माझा." मला वाटलं पोरगी आगाऊ आहे. घरी येऊन आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, अंपायर नसलेल्या मॅचची नियमावली काढली, तर शब्दाला शब्द तिचं बरोबर. मातीवर समोरच्याचा ठसा बघायला जाळीपलीकडेही जाता येतं. ज्याने तो पुसला, त्याने पॉइंट सोडला. बुटावर रेषेचा चुना लागलेला होता, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

स्कोअर मनातल्या मनात

सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक पॉइंटआधी स्कोअर मोठ्याने म्हणायचा. लाजतात लोक. मग एक जण म्हणतो ५-३, दुसरा ४-४. अशा वेळी सेट पहिल्यापासून सुरू करायचा नाही. जे गेम दोघांना मान्य आहेत ते कायम, वादाचा तेवढा एक बाजूला. इथे मान्य आहेत ४-३, तर तिथून पुढे खेळा. शेवटच्या गेममध्ये जो रिसीव्ह करत होता त्याने आता सर्व्हिस करायची. शांतपणे आठवलं तर बहुतेकदा "तो गेम, ज्यात कुत्रं आलं होतं" असं काहीतरी सापडतंच.

फुटकळ, पण नात्यात मिठाचा खडा टाकणारं

नवे बॉल चॅलेंज देणाऱ्याने आणायचे. शेजारच्या कोर्टचा बॉल आत आला तर तत्क्षणी "लेट" (म्हणजे पॉइंट परत) म्हणा, आपला फटका चुकतोय का ते बघून नाही. अंधारामुळे थांबलात तर पुढच्या वेळी त्याच स्कोअरपासून खेळायचं. ५-२ ने मागे असलेल्याला नवा सेट हवासा वाटतो, देऊ नका. निकाल जिंकणाऱ्याने त्याच दिवशी ग्रुपवर टाकायचा आणि नुसते आकडे टाकायचे. "काका आज फॉर्मात नव्हते" असं लिहू नका. काका वाचतात.

नियमाने ते पाचवरून आठवर आले तेव्हा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतरच्या रविवारी गाडीवर येऊन त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. पाचव्या जागेवरच्या पोराला चॅलेंज आणि नियमाप्रमाणे तीन वेळा. शनिवार, सकाळी साडेसहा. रविवार, सकाळी साडेसहा. सोमवार, सकाळी साडेसहा. जानेवारीचा दुसरा आठवडा होता.