एकट्याने झाडांची पाहणी: जोखमीचा तक्ता कसा भरावा

पावसाळ्याआधी धोकादायक झाडे शोधायची म्हणून नागपुरात वृक्षपाहणी नेमकी मे महिन्यात येते. पारा ४५च्या आसपास, दुपारी रस्ते ओस आणि हातात टेप घेतलेला एकटा माणूस. त्यामुळे तक्त्यात 'काय होऊ शकते' याच्याही आधी हे लिहा: झाले तर कोणाला, किती मिनिटांत कळेल?

तक्ता प्रत्येक पट्ट्याचा वेगळा हवा. सिव्हिल लाइन्सचा वाहता रस्ता आणि सेमिनरी हिल्सचा उतार एका कागदावर मावत नाहीत. एकच तक्ता झेरॉक्स करून सगळीकडे जोडणे म्हणजे तो न करणेच. आदल्या दिवशी दोघांनी पट्टा पायी फिरून नकाशावर खुणा कराव्यात: उघडी विहीर, नाला, कुत्र्यांची टोळी, आग्यामोहोळ, फांद्यांतून गेलेल्या तारा, फोनची रेंज नसलेल्या जागा.

प्रत्येक धोक्याला शक्यतेचे १ ते ५ आणि परिणामाचे १ ते ५ गुण देऊन गुणाकार करा. एकट्या माणसासाठी तिसरा रकाना जोडा: मदत पोहोचायला लागणारी मिनिटे. गुणाकार १०च्या वर गेला किंवा मदत २० मिनिटांपेक्षा लांब असली, तर जोडीला माणूस द्या. झाडावर चढणे आणि तारांना टेकलेल्या फांद्यांजवळचे काम एकट्याने करायचेच नाही, तिथे गुण मोजत बसू नका.

बरेचसे अपघात मोजणीच्या पद्धतीतूनच होतात. क्लिनोमीटरने (शेंड्याचा कोन मोजून उंची काढायच्या उपकरणाने) उंची घेताना साधारण झाडाच्या उंचीइतके लांब जावे लागते. १५ मीटरचे झाड असेल तर नजर शेंड्यावर ठेवून मागे सरकणारा माणूस थेट रस्त्यात किंवा गटारात जातो. आधी उभे राहायची जागा ठरवा, तिकडे समोर बघत चाला, मग वळून माप घ्या.

खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घेताना टेप धरणारा हात खोडामागे जातो, जिथे डोळा पोचत नाही. आधी काठीने पालापाचोळा हलवत पूर्ण फेरी मारा. ढोली आणि बुंध्याशी रचलेले दगड पाहा. साप चावलाच तर बांधायचे नाही, कापायचे नाही. जागेवर बसून १०८ला फोन करायचा आणि तो अवयव हलू द्यायचा नाही. पोकळ खोड ओळखायला हातोडी मारतात, पण त्याआधी वर बघा. पिंपळ-सावरीवर आग्यामोहोळ असेल तर ठोका मारू नका. माश्या उठल्याच तर हात न झाडता, तोंडावर दुपट्टा घेऊन बंद गाडीकडे किंवा घराकडे पळा.

उन्हाचा धोका वेगळा, कारण गोंधळलेल्या माणसाला आपण गोंधळलोय हे कळत नाही. काम ६ ते १०.३० ठेवा, सोबत ४ लिटर पाणी आणि ओआरएस (एक पुडी एक लिटरला). दर ३० मिनिटांनी फोन करताना 'बरा आहेस ना?' विचारू नका, 'बरा आहे' हे उत्तर कोणीही देतो. शेवटच्या झाडाचा क्रमांक आणि घेर विचारा. उत्तर अडखळत आले, तर त्याला सावलीत बसवा आणि लगेच माणूस पाठवा.

झाडे नोंदवायचा फोनच मदतीचा फोन असू नये: जीपीएस आणि ऊन मिळून बॅटरी सकाळीच संपवतात. साधा, पूर्ण चार्ज केलेला दुसरा फोन द्या. फोन चुकला तर १० मिनिटांत दोनदा लावा. उत्तर नसेल तर सुपरवायझरने शेवटच्या नोंदीच्या झाडाकडे निघावे आणि वाटेतच ११२ला कळवावे. त्यासाठी झाडांचा क्रम व जवळच्या विजेच्या खांबांचे नंबर त्याच्याकडे आधीच असावे लागतात.

जूनमध्ये विजेचा इशारा देणारे 'दामिनी' ॲप पाहून निघा. वीज दिसल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला तर काम सोडून इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नका.

सही पाहणी करणाऱ्याची, रोज सकाळी, त्या दिवसाच्या हवेकडे बघून. तो 'आज एकटा जात नाही' म्हणाला तर कारण रकान्यात लिहा आणि दुसरा माणूस शोधा. 'घरी पोचलो' असा फोन येईपर्यंत सुपरवायझरने आपला फोन बंद करायचा नाही.