नाट्यमंडळातली हलकीफुलकी प्रेमकथा : जपानी शाळेवरच्या ॲनिमेचे कथानक कसे रचावे

जपानमधील उच्च माध्यमिक शाळेच्या नाट्यमंडळावर ॲनिमेसाठी, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेसाठी, हलकीफुलकी प्रेमकथा लिहायची असेल, तर आधी ते मंडळ कोणते नाटक बसवत आहे हे ठरवावे आणि प्रेमात कोण पडणार हे त्यानंतर. पुष्कळ नवे लेखक उलट क्रमाने जातात. मग लाजरा नायक, तडफदार नायिका आणि त्यांचे गैरसमज एवढेच हाती उरते, आणि नाट्यमंडळाच्या जागी बुद्धिबळाचे मंडळ ठेवले तरी कथेत काही फरक पडत नाही. या कथेतला विनोद आणि ओढ ही दोन्ही तालमीच्या कामातूनच यायला हवीत.

कथेचा कणा म्हणून जपानी शाळेचे वर्षच घ्यावे. ते एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते, आणि उच्च माध्यमिक शिक्षण तीन वर्षांचे असते. एप्रिलमध्ये सगळी मंडळे नव्या मुलांना आपल्याकडे ओढण्यासाठी धडपडतात. पुष्कळ शाळांचा सांस्कृतिक महोत्सव शरद ऋतूत होतो आणि त्याच सुमारास नाट्यस्पर्धांच्या फेऱ्याही सुरू होतात. एकेक फेरी ओलांडत निवडले गेलेले नाटक राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचते खरे, पण ती स्पर्धा भरते पुढच्या उन्हाळ्यात, आणि तोवर तिसऱ्या वर्षाची मुले शाळा सोडून गेलेली असतात. म्हणजे नायिका तिसऱ्या वर्षात असेल, तर जिच्यामुळे नाटक जिंकले ती भूमिका राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्याच मुलीला करावी लागते. प्रेमकथेला याहून चांगली मुदत लेखकाने शोधूनही सापडणार नाही; म्हणून मंडळ बंद पडण्याची धमकी, श्रीमंत प्रतिस्पर्धी शाळा असली वापरून गुळगुळीत झालेली संकटे खुशाल वगळावीत. स्पर्धेत प्रयोगाला 60 मिनिटांची मर्यादा असते हेही विसरू नये. महाराष्ट्रात एकांकिका स्पर्धा केलेल्या कोणालाही घड्याळाची ही धास्ती समजावून सांगावी लागत नाही.

पात्रे पाच-सहा पुरेत, पण प्रत्येकाला मंडळात नेमके काम द्यावे आणि त्या कामातूनच त्याचा स्वभाव दाखवावा. उच्चार सुधारण्यासाठी जपानी नट ‘उइरो-उरी’ हे काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातले लांबलचक स्वगत घोकतात. 1718 मध्ये प्रथम सादर झालेल्या या स्वगतात एक औषधविक्रेता आपल्या गोळीचे गुण गातो आणि मग त्याची जीभ थांबता थांबत नाही. जो मुलगा हे स्वगत एका दमात म्हणतो, पण आवडत्या मुलीला ‘उद्या तालमीला येणार का’ एवढेही धड विचारू शकत नाही, तो प्रेक्षकाला पहिल्याच भागात आपला वाटू लागतो.

प्रसंग रचताना रंगमंचावरची एखादी बारीक वस्तू धरावी. उदाहरणार्थ, अंधारात नटांना जागा कळावी म्हणून जमिनीवर चमकणाऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावतात. ते लावणारा मुलगाच प्रकाशयोजना सांभाळतो, असे समजू. नायिका प्रत्येक तालमीत शेवटच्या वाक्याला खुणेपासून अर्धे पाऊल डावीकडे सरकते आणि तिचा अर्धा चेहरा अंधारात जातो. तो वैतागून वहीत टिपण करतो, पट्टी बदलतो, शेवटी तिला नम्रपणे जाब विचारतो. ती फक्त ‘क्षमा करा’ म्हणते. रंगीत तालमीत तो स्वतः त्या खुणेवर उभा राहतो, तेव्हा त्याला दिसते की तिथून प्रकाशकक्षाची खिडकी पडद्याच्या कडेआड जाते आणि अर्धे पाऊल सरकले की स्वच्छ दिसते. बाकीच्या मंडळाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. इथे कोणीही प्रेमाचा शब्द उच्चारू नये. त्याने निमूटपणे पट्टी अर्धे पाऊल सरकवावी आणि दिव्याचा झोतही तिकडे वळवावा.

संबोधनांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. जपानी शाळेत मुले एकमेकांना बहुधा आडनावाने हाक मारतात, वरच्या वर्गातल्यांना ‘सेनपाई’ म्हणतात आणि पहिल्या नावाने हाक मारणे ही जवळिकीची खूण असते. म्हणून ती हाक कथेत एकदाच आणि उशिरा यावी. शक्य तर नाटकातल्या पात्राच्या नावाऐवजी चुकून तोंडातून निघावी, कारण तशी चूक फक्त नाट्यमंडळातच घडू शकते. प्रेमाची कबुली मात्र नाटकाच्या संवादांतून देऊ नये. ती युक्ती फार वापरली गेली आहे आणि त्यात मुलांना स्वतःचे शब्द शोधण्याचे कष्ट पडत नाहीत. खरी गंमत त्या कष्टांतच असते.

मालिका 12 भागांची धरली, तर स्पर्धेची पहिली फेरी सहाव्या-सातव्या भागात आणावी आणि कबुली निकालाच्या आधी उरकावी, नाहीतर प्रेम हे बक्षिसासारखे वाटू लागते. एक भाग सुमारे 24 मिनिटांचा असतो आणि सुरुवातीचे व शेवटचे गाणे प्रत्येकी दीड मिनिट घेते, तेव्हा कथेसाठी 21 मिनिटेच उरतात. प्रत्येक भाग लिहून झाल्यावर घड्याळ लावून मोठ्याने वाचावा, आणि वेळ पुरेनासा झाला तर विनोदी संवाद कापावेत, पात्रांचे गप्प राहणे कापू नये.