सोलरचा डीसी आयसोलेटर निवडताना या चुका टाळा

पॅनेल कोणती घ्यायची यावर आठवडेच्या आठवडे चर्चा होते. डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलकडून इन्व्हर्टरला जाणारी डीसी वीज तोडणारा स्विच, मात्र शेवटच्या दिवशी आठवतो आणि ‘१००० व्होल्ट, ३२ अँपिअर लिहिलंय ना, मग चालेल’ म्हणून लावून टाकला जातो. हे आकडे खोटे नसतात, अर्धवट असतात. १००० व्होल्ट किती पोल (स्विचमधले स्वतंत्र कॉन्टॅक्ट) सिरीजमध्ये जोडल्यावर? ३२ अँपिअर कोणत्या व्होल्टेजला, किती तापमानात? ही उत्तरं डेटाशीटमधल्या तक्त्यात असतात. पुढच्या बहुतेक चुका तो तक्ता न उघडल्यामुळेच होतात.

एसीचा स्विच डीसीला लावणे

५० हर्ट्झचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. कॉन्टॅक्ट उघडताना पेटलेल्या आर्कला (हवेतून वाहणाऱ्या विजेच्या ज्योतीला) त्या क्षणी विझायची संधी मिळते. डीसीत ती संधीच नाही. आर्क ओढला जातो आणि जळत राहतो, त्यामुळे तो तोडण्याचं काम स्विचच्या बांधणीलाच करावं लागतं. त्यात भर म्हणजे पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट (दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा) नेहमीच्या करंटपेक्षा थोडासाच जास्त असतो. एकाच स्ट्रिंगमध्ये (सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनेलच्या माळेत) आर्क लागला तर फ्यूज उडेल, एमसीबी ट्रिप होईल, या भरवशावर राहता येत नाही. म्हणून एसीचा आयसोलेटर कितीही दणकट दिसला तरी इथे तो बाद.

‘डीसी’ असं छापलेलं असणंही पुरेसं नाही. आयईसी ६०९४७-३ या मानकात सोलरसाठी वेगळे वर्ग आहेत. डीसी-पीव्ही० म्हणजे फक्त करंट नसताना उघडायचा; लोडवर त्याला हात लावायचा नाही. डीसी-पीव्ही१ एकट्या स्ट्रिंगसाठी. समांतर स्ट्रिंग असतील आणि करंट उलट दिशेनेही येऊ शकत असेल तर डीसी-पीव्ही२. नुसतं डीसी-२१बी (सर्वसाधारण डीसी लोडचा वर्ग) लिहिलेला स्विच सोलरसाठी तपासलेला आहे असं धरून चालू नका. अमेरिकेच्या वीजजोडणीच्या कोडमध्ये, एनईसीत, हा विषय कलम ६९० मध्ये येतो. आपल्याकडे कोणता कोड लागू आहे ते खरेदीआधी बघा.

थंडीतलं व्होल्टेज विसरणे

पॅनेलवरचं ओपन सर्किट व्होल्टेज (करंट न ओढता मिळणारं) २५ अंश सेल्सिअसचं असतं आणि तापमान उतरलं की ते चढतं. समजा एका पॅनेलचं ४९.५ व्होल्ट आहे आणि स्ट्रिंगमध्ये २० पॅनेल आहेत. एकूण ९९० व्होल्ट. कागदावर १००० चा स्विच बसला. आता पॅनेलचा तापमान गुणांक दर अंशाला उणे ०.२७ टक्के धरा आणि पहाटेचं तापमान ५ अंश. व्होल्टेज ५.४ टक्क्यांनी वाढून सुमारे १०४३ होतं. इन्व्हर्टरने करंट ओढायला सुरुवात केलेली नसते, म्हणजे हे सगळं व्होल्टेज स्विचवर उभं असतं. हिशोब नेहमी त्या जागेच्या नीचांकी तापमानाचा करा. आणि स्विच बदलून भागत नाही, इन्व्हर्टरची मर्यादाही तपासा. बऱ्याचदा एक पॅनेल कमी करणं हेच शहाणपणाचं ठरतं.

करंटचंही तसंच. शॉर्ट सर्किट करंट १४ अँपिअर असेल तर १.२५ ने गुणून १७.५ येतात. एनईसीच्या हिशोबात सतत वाहणाऱ्या करंटसाठी आणखी एकदा १.२५, म्हणजे जवळपास २२. दोन्ही बाजूंनी वीज बनवणाऱ्या बायफेशियल पॅनेलला मागच्या बाजूची भर वेगळी धरावी लागते. आलेला आकडा आपल्या व्होल्टेजच्या ओळीत ताडून बघा, कारण कमी व्होल्टेजला ३२ अँपिअर तोडणारा स्विच १००० व्होल्टला त्याच्या निम्मेही तोडत नाही असं होऊ शकतं. बंद डब्यात बसवला, वर ऊन लागलं, की क्षमता आणखी उतरते.

पोल आणि दिशा

चार पोलचा स्विच एकाच स्ट्रिंगला की दोन स्ट्रिंगना, हे जोडणीच्या आकृतीवरून ठरतं. काही स्विचचं पूर्ण व्होल्टेज रेटिंग प्रत्येक तारेत दोन-दोन पोल सिरीजमध्ये घेतल्यावरच मिळतं. दोन स्ट्रिंग बसवायच्या म्हणून जंपर (पोल एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्या) काढले की रेटिंगही गेलं.

सगळ्यात फसवी चूक पोलॅरिटीची. आयसोलेटर म्हणून लावल्या जाणाऱ्या काही डीसी एमसीबींत (ब्रेकरमध्ये) आर्क च्यूटकडे, म्हणजे तो विझवणाऱ्या कप्प्याकडे, ढकलायला लोहचुंबक असतात आणि ते एकाच दिशेच्या करंटला काम करतात. उलटे जोडले तरी मीटरवर व्होल्टेज बरोबर, इन्व्हर्टर सुरू, काही कळत नाही. ज्या दिवशी लोडवर उघडाल त्या दिवशी आर्क भलतीकडे जातो आणि ब्रेकर पेटू शकतो. बॅटरीला तर करंट चार्जिंगला एका दिशेने आणि डिस्चार्जिंगला दुसऱ्या दिशेने जातो. तिथे दोन्ही दिशांना चालणाराच ब्रेकर हवा.

पाणी

ऑस्ट्रेलियात छतावर पॅनेलजवळ आयसोलेटर सक्तीचा होता. पाणी शिरून सुरक्षेच्या त्याच डब्यांना आगी लागू लागल्या आणि तिथल्या सोलर मानकाच्या (एएस/एनझेडएस ५०३३) २०२१ च्या आवृत्तीत ती सक्ती सैल झाली. तेव्हा ‘एक जास्तीचा लावून ठेवू’ हा हिशोब इथे चालत नाही. प्रत्येक स्विचबरोबर नवे जोड येतात. कोड सांगेल तिथे लावा, सावलीत लावा, केबल खालून घ्या. डब्यावरचं आयपी६६ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) केबलच्या मापाचा ग्लँड (केबल शिरते तिथलं सील) नीट आवळलेला असेल तरच खरं.

बिघाड दिसला तर

पावसानंतर सकाळी इन्व्हर्टर इन्सुलेशनची तक्रार करतो आणि दुपारी आपोआप बरा होतो? केबल आणि कनेक्टरबरोबर आयसोलेटरचा डबाही बघा.

डबा गरम लागतो, टर्मिनल तपकिरी झालंय: स्क्रू सैल, किंवा बारीक तारांची केबल फेरूलशिवाय (टोकावर दाबून बसवायच्या नळीशिवाय) घुसवलेली. काळं पडलेलं टर्मिनल आवळून वापरू नका, स्विच बदला आणि नवा कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच आवळा.

ऑफ केल्यावरही इन्व्हर्टरच्या बाजूला व्होल्टेज दिसतं: आधी कपॅसिटर उतरायला इन्व्हर्टरवर लिहिलेला वेळ द्या. तरीही उतरलं नाही तर कॉन्टॅक्ट चिकटल्याची शंका घ्या. नॉब ऑफ दाखवतोय यावर विसंबू नका. पॅनेलच्या बाजूची तार तर ऊन आहे तोवर जिवंतच असते.

काम करताना आधी एसी बंद, मग डीसी. नॉब ऑफवर कुलूपबंद करा, डीसी क्लॅम्प मीटरवर करंट शून्य दिसू द्या, आणि मगच पॅनेलच्या केबलचे एमसी४ कनेक्टर उघडा. स्विच वर्षानुवर्षं न हलवता ठेवला तर कॉन्टॅक्टवर थर चढतो आणि तो तापू लागतो. म्हणून वार्षिक तपासणीत, एसी बंद असताना, नॉब काही वेळा चालू-बंद करून घ्या.