नाशिकमध्ये राहून जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताची जोडवाट कशी धरावी

पियानोवर पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकताना जॅझची ओढ लागलेल्या विद्यार्थ्याला बहुधा एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे आधी एक पक्के करावे आणि मग दुसऱ्याकडे वळावे. केवळ वादक व्हायचे असेल तर हा सल्ला ठीक आहे. ज्याला या दोन्हींच्या सांध्यावर स्वतःच्या रचना करायच्या आहेत, त्याच्या मात्र तो फारसा कामाचा नाही. बोटांना सुचलेले कागदावर अचूक उतरवणे आणि कागदावरचे बाजूला ठेवून वाजवणे या दोन्ही सवयी त्याला एकाच काळात लावून घ्याव्या लागतात. उशिरा सुरू केलेली सवय आयुष्यभर परकी राहते, असे माझे मत आहे.

वाद्याविषयी थोडक्यात. सुरुवातीला ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो पुरतो. जुना अपराइट (उभ्या बांधणीचा साधा पियानो) मिळाला, तर त्याला खिडकीपासून आणि ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावे. नाशिकच्या पावसाळ्यात साउंडबोर्डचे (तारांचा नाद वाढवणाऱ्या फळीचे) लाकूड दमट हवेने फुगते आणि स्वर चढतात, तर कोरड्या दिवसांत तेच स्वर उतरतात. म्हणून ट्यूनिंग भर पावसात न करता हवा स्थिरावल्यावर करून घ्यावे.

खरा अभ्यास सुरू करण्यासाठी वेगळ्या जॅझच्या पुस्तकाची गरज नाही. जर्मन संगीतकार बाखच्या १७२२ च्या ‘वेल टेम्पर्ड क्लाव्हिअर’ या संग्रहातील पहिला, सी मेजरमधील प्रिल्यूड (छोटी रचना) उघडावा. त्याच्या आठव्या मापात (ठरावीक ठोक्यांच्या खंडात, म्हणजे बारमध्ये) खालचा बी आणि वरचा सी एकत्र येऊन सी मेजर सेव्हन हा कॉर्ड (स्वरसमूह) तयार होतो. नवव्यापासून अकराव्या मापापर्यंत ए मायनर सेव्हन, डी सेव्हन आणि जी असा क्रम येतो, आणि जॅझवादक दिवसभर ज्याचा रियाज करतात तो ‘टू-फाइव्ह-वन’ (सप्तकाच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्डचा क्रम; येथे जी मेजरमध्ये) हाच. ही तीन मापे प्रथम जशी लिहिली आहेत तशी वाजवावीत. त्यानंतर डाव्या हातात प्रत्येक कॉर्डचे फक्त तिसरे आणि सातवे स्वर ठेवावेत. ए मायनर सेव्हनमध्ये सी आणि जी, डी सेव्हनमध्ये सी आणि एफ शार्प, आणि शेवटचा जी हा मेजर सेव्हन मानून बी आणि एफ शार्प. दर वेळी एकच बोट अर्ध्या स्वराने खाली सरकते आणि दुसरे जागेवर राहते, हे हातालाच कळू द्यावे. आता उजव्या हाताने त्यावर स्वतःची ओळ सुचवून घ्यावी, ध्वनिमुद्रित करावी आणि त्याच दिवशी स्वरलिपीत लिहून काढावी. बाराही स्वरांतून हा क्रम फिरवला, की काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र ओळींची गुंफण) आणि जॅझचे व्हॉइसिंग (कॉर्डचे स्वर हातांत वाटून मांडणे) हे दोन वेगळे विषय उरत नाहीत.

लयीकडे दुर्लक्ष झाले, तर मात्र या मेहनतीवर पाणी पडते. मेट्रोनोम पहिल्या ठोक्यावर न ठेवता दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ऐकावा. स्विंगचे, म्हणजे जॅझच्या हेलकावत्या लयीचे, आठांश (ठोक्याचे लांब-आखूड दोन भाग) ‘दोनास एक’ अशा साच्यात बसवू नयेत, कारण लय जलद होते तशी ही विषमता कमी होत जाते, आणि ते कागदावरून नव्हे, ऐकूनच कळते. येथे नाशिकच्या मुलांच्या पदरी एक जमेची बाजू असते. पंचवटीत हिंदुस्थानी संगीताचे गायक आणि शिक्षक विष्णु दिगंबर पलुस्करांचे वास्तव्य होते. त्यांच्यासारख्यांनी रुजवलेल्या शिक्षणपरंपरेत ज्याने हाताने टाळी देत तीनतालाच्या सोळा मात्रा मोजल्या आहेत, त्याला बारा मापांच्या ब्लूजमध्ये किंवा बत्तीस मापांच्या गाण्यात सम हरवल्याची भीती वाटू नये. मींड पियानोवर ओढून-ताणून आणण्याचा हट्ट मात्र सोडावा; ते बहुतेकदा कृत्रिम वाटते.

रचना कशी लिहावी, हे पूर्वसुरींच्या कामातून शिकता येते. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनचे ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रथम सादर झाले, तेव्हा वाद्यवृंदासाठीची मांडणी फर्डी ग्रोफेने केली होती आणि पियानोचा काही भाग लिहिलेलाच नव्हता. पुढच्याच वर्षीच्या ‘कॉन्चेर्टो इन एफ’ची मांडणी गर्श्विनने स्वतः केली. ऑर्केस्ट्रेशन, म्हणजे ही वाद्यवृंदासाठीची मांडणी, दुसऱ्यावर सोपवून चालत नाही, हे यातून घ्यावे. रशियन पियानोवादक-संगीतकार निकोलाय कापुस्तिनने मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिक्षण घेतले आणि ओलेग लुंडस्ट्रेमच्या बिग बँडमध्ये (मोठ्या जॅझ वाद्यवृंदात) वादन केले, तरी १९८४ च्या आठ कॉन्सर्ट एट्यूड्समध्ये (मैफलीत वाजवायच्या अभ्यासरचनांमध्ये) त्याने प्रत्येक स्वर लिहून ठेवला. ऐकताना उत्स्फूर्त वाटणारे सारे तेथे ठरलेले असते. तिसरा मार्ग फ्रेंच जॅझ पियानोवादक क्लोद बोलिंगचा. बासरी आणि जॅझ पियानो ट्रिओ (पियानो, बास आणि ड्रम) यांसाठीच्या त्याच्या सुइटमध्ये (रचनामालेत) झां-पिएर रांपालसारख्या अभिजात बासरीवादकाला स्वतः काही सुचवावे लागत नाही; जॅझचा भार ट्रिओ उचलतो. नवशिक्याने हाच मार्ग आधी धरावा, कारण नाशिकमध्ये स्वरलिपी उत्तम वाचणारा व्हायोलिनवादक आणि उत्तम ठेका धरणारा ड्रमर एकाच व्यक्तीत शोधत बसणे व्यर्थ आहे. व्हायोलिनवादकाला पूर्ण लिहिलेले पान द्यावे; ड्रमरला फक्त मापे, कॉर्ड आणि कोठे थांबायचे एवढेच द्यावे.

परीक्षांचा उपयोग मर्यादित, पण खरा आहे. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळाच्या जॅझ पियानोच्या श्रेणी पाचवीपर्यंतच आहेत, तर क्लासिकलच्या आठवीपर्यंत जातात. तेथे सहाव्या श्रेणीच्या वादनाआधी पाचवीची थिअरी किंवा तिला समकक्ष परीक्षा द्यावी लागते. ती लवकर उरकावी. ऐकण्यासाठी मात्र मुंबई गाठण्याला पर्याय नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ मध्ये स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम होतात आणि तेथे जॅझही ऐकायला मिळते. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जाता येते, परंतु संध्याकाळच्या कार्यक्रमानंतर परतीची पंचवटी मिळत नाही, हे धरूनच मुक्कामाची सोय करावी.

पहिली मैफल नाशिकमध्येच करावी, आणि तीही मोठ्या कालिदास कलामंदिरात नव्हे, तर लहान सभागृहात. बाख, गर्श्विनचे १९२६ चे तीन प्रिल्यूड्स आणि शेवटी स्वतःची रचना एवढा बेत पुरेसा आहे. कोणता भाग त्या क्षणी सुचलेला असेल, हे श्रोत्यांना आधी दोन वाक्यांत सांगावे. ड्रमरला काठ्यांऐवजी ब्रश वापरायला सांगावे, नाहीतर पियानोची मधली सप्तके बुडून जातात.

उत्पन्नाची बाजू प्रथम शिकवण्या, हॉटेले, वायनरीतील कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रणासाठीची साथसंगत यांवरच चालते. रचनेचे हक्क मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळावेत. भारतात कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही आणि तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून १९३७ मध्ये निधन झालेल्या गर्श्विनच्या संगीताची मांडणी येथे मोकळेपणाने करता येते. २०२० मध्ये निधन झालेल्या कापुस्तिनच्या बाबतीत परवानगी लागेल. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासदत्व घेऊन प्रत्येक रचना तेथे नोंदवावी. चित्रपटाचे काम आले, तर कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीतील संगीतकाराचा वाटा निर्मात्याला देऊन टाकता येत नाही, हे सहीपूर्वी लक्षात ठेवावे आणि करारात त्याच्या विरुद्ध जाणारे कलम असल्यास ते काढून टाकायला लावावे.