सांध्यावर अडणारं इंजिन

माझ्या मॉडेल रेल्वेचं, एचओ मापाचं (खऱ्याच्या १:८७) सहा चाकांचं शंटिंग इंजिन जोरात सोडलं की झकास पळायचं. हळू चालवलं की सांध्यावर (जिथे एका रुळाचे दोन फाटे होतात तिथे) हमखास थांबायचं, मग बोटाने ढकला! आधी रुळांना दोष दिला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून लख्ख केले. फरक शून्य.

शेवटी उलटं करून पाहिलं. सहापैकी चारच चाकं रुळातून वीज घेत होती, त्यातही एकावर रबरी टायर, त्यातून वीज येत नाही. म्हणजे उरली तीन. सांध्याच्या मधल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर टायरच्या बाजूचं उरलेलं एकुलतं चाक आलं, की वीज गेलीच.

मधल्या ॲक्सलची दोन्ही चाकं रिकामी होती. तळाला कॉपर क्लॅड बोर्डाची (तांब्याचा थर असलेल्या बोर्डाची) बारीक पट्टी चिकटवली, मधोमध तांबं खरवडून दोन बाजू वेगळ्या केल्या (हे विसरलात तर थेट शॉर्ट). त्यावर ०.३ मिमीची फॉस्फर ब्रॉन्झची तार सोल्डर करून चाकाच्या आतल्या बाजूला टेकवली. पहिल्यांदा इतकी घट्ट बसवली की ब्रेकच लागला. चाक बोटाने फिरवलं तर सहज फिरावं, तार मात्र सुटू नये, एवढाच दाब हवा. यातच अख्खी संध्याकाळ गेली.

गिअरमधलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. ते काढून प्लास्टिकला चालणाऱ्या तेलाचा एकच थेंब सोडला.

आता दोन-अडीच व्होल्टवर एकेक स्लीपर मोजत सांधा पार करतं. थोडी कुरकुर येते, ती बहुधा मोटरच्या ब्रशची.