वैशाखात पक्षी आणि रानफुलं बघायची असतील तर

एप्रिल संपला की बरेच जण बायनॉक्युलर कपाटात टाकतात, पाहुणे पक्षी गेले, आता काय बघायचं म्हणतात, मला हे अजिबात पटत नाही. आपले इथलेच पक्षी आत्ता गातायत, घरटी करतायत आणि सह्याद्रीत कितीतरी देशी झाडं याच दिवसांत फुलतात.

पण उन्हाचे दिवस आहेत, त्यामुळे भटकत बसू नका. एक झाड धरा. उजाडायच्या आधी तिथे पोचा, सावलीत पाठ टेकून बसा, मोबाईल सायलेंट, कपडे मातकट रंगाचे, पाणी सोबत. नऊ वाजेपर्यंत बहुतेक खेळ आटोपतो.

आता झाड कुठलं? बहावा फुललेला दिसला की सगळे तिथेच कॅमेरे लावतात, पण त्याच्या फुलात शिंजिरांसारख्या मध पिणाऱ्या पक्ष्यांना मध नसतो, परागासाठी मोठे काळे भुंगे येतात. हा प्रकार मात्र जवळून बघाच. फुलात 10 पुंकेसर असतात, त्यातले 3 लांब आणि वर वळलेले, भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो आणि पराग सांडतो, तो आवाज पण ऐकू येतो. पक्ष्यांना मध देणारे पळस, पांगारा, काटेसावर तोवर उरकलेले असतात. म्हणून पक्षी हवे असतील तर फळांनी लगडलेला उंबर किंवा वड शोधा. तांबट, हळद्या, बुलबुल आणि नशीब असेल तर धनेश, सगळे तिथे. धनेशाची मादी या काळात ढोलीत स्वतःला बंद करून घेते, दाराला बारीक फट ठेवलेली असते आणि नर तिथून फळं भरवत असतो, त्यामुळे तोच नर पुन्हापुन्हा उंबरावर येताना दिसला तर त्याच्या मागे मागे ढोलीपर्यंत जाऊ नका प्लीज.

आधी कान लावा, डोळे नंतर. कोकीळ सगळ्यांना माहितीये, पण पावशाचं वरवर चढत जाणारं ‘पेरते व्हा’ ओळखायला शिका. मेअखेरीला झाडीतून दोन सुरांची स्पष्ट शीळ आली तर तो नवरंग असू शकतो, तो पालापाचोळ्यात जमिनीवर चरतो, म्हणून वर नाही, खाली बघा. आवाज कळला नाही तर मर्लिन अ‍ॅपवर रेकॉर्ड करा, पण अ‍ॅपने सांगितलं म्हणून लगेच खरं धरू नका, पक्षी दिसू दे आधी. आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं तर नकोच, विणीच्या दिवसांत तो बिचारा घरटं सोडून भांडायला येतो.

माळावरून चालताना पायाखाली बघत चला. टिटवी उघड्या खड्यांतच अंडी घालते, ती इतकी खड्यांसारखी दिसतात की पाय पडेपर्यंत कळत नाही. कडक उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते, लांबून बायनॉक्युलरने हे बघायला मिळालं तर अजून काय पाहिजे! ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की आल्या वाटेने मागे फिरा.

फुलांमध्ये पांढरा कुडा, जांभळं ताम्हण आणि घाटमाथ्यावर फांदीला निळे झुबके लागलेला अंजन, एवढे तीन तरी ओळखून ठेवा. गुलमोहर दिसायला कितीही भारी असला तरी तो मूळचा मादागास्करचा. मे-जूनमध्ये जुन्या झाडांच्या खोडावर सीतेची वेणी लोंबते, तिचा फोटो काढा, पण ती उपटून घरी आणू नका, झाडावरची ही आमरी (ऑर्किड) कुंडीत लावली तर बहुतेक वेळा मरतेच.

जायला जमत नसेल तर गच्चीत मातीचं पसरट भांडं ठेवा, पाणी दोन बोटं, मध्ये एक दगड, आणि रोज घासून बदला, नाहीतर डास होतात.